दोन सेकंदांपुढची शांतता

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला कचेरीतला जुना टेलिफोन वाजला, तेव्हा हा आवाज कुठून येतो आहे हेच केतकी बारटक्केला आधी कळेना. कपाटामागे धुळीखाली तो फोन अजून जिवंत आहे हे ती विसरून गेली होती. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या कचेरीत आठ खुर्च्या होत्या आणि माणूस एक. बाकीच्या सात जणांची कामं गेल्या सहा वर्षांत एकेक करून यंत्राकडे गेली होती. खुर्च्या न्यायला मात्र कोणी आलं नव्हतं.

"कवाडवाल्या का तुम्ही?" पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

"हो. पण हा नंबर तुम्हाला कुठे मिळाला?"

"तुमच्याच एका जुन्या पानाच्या तळाशी होता. भिंग लावून शोधला. मी रमाकांत उपासनी, वाईहून बोलतोय. वय एक्क्याऐंशी." मग एकदम सगळं गप्प झालं.

"हॅलो? हॅलो, ऐकू येतंय का?"

"येतंय हो. शब्द जुळवत होतो. बाई, तुमचं यंत्र म्हणतंय की माझा भाऊ मला ओळखत नाही."

केतकीने खुर्ची ओढली. उपासन्यांची तक्रार साधी होती. डोळ्यांच्या दवाखान्याच्या साइटवर त्यांचं खातं होतं. एका डोळ्याने त्यांना आता दिसत नव्हतं, दुसऱ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि तारीख पक्की करायला खात्यात जायला हवं होतं. पासवर्ड ते विसरले होते. तो बदलून घ्यायला त्यांनी सहा वेळा मागणी केली आणि सहाही वेळा यंत्राने नकार दिला. पहिल्या मागणीपासून तीस दिवसांत ओळख पटली नाही, तर खातं पुसलं जाणार होतं. त्याबरोबर सगळे रिपोर्ट जाणार आणि रांगेतला नंबरही जाणार. तिसावा दिवस शुक्रवारचा होता, संध्याकाळी पाचपर्यंतचा.

"मिरजेला असतो माझा भाऊ, शशिकांत. माझ्याहून चार वर्षांनी लहान," उपासनी म्हणाले. "सत्त्याहत्तर वर्षं आम्ही एकमेकांना ओळखतो असं आपलं मला वाटत होतं. पण तुमचं यंत्र शिकलेलं आहे. त्याला जास्त कळत असेल."

टोमणा बरोबर जागी लागला. केतकीने त्यांचा तक्रार क्रमांक लिहून घेतला, फोन ठेवला आणि पडद्यावर शोधलं. कचेरीतल्या सहायक यंत्राने ती तक्रार सहा वेळा बंद केली होती. कारण दर वेळी एकच: वापरणाऱ्याची चूक.

*

हे ओळख पटवण्याचं काय लफडं आहे, ते इथेच सांगून टाकलेलं बरं.

पूर्वी पासवर्ड विसरला की काम सोपं असे. आपल्या पत्त्यावर एक लिंक यायची, ती दाबली की नवा पासवर्ड. पुढे खोट्या आवाजांचा आणि खोट्या चेहऱ्यांचा सुळसुळाट झाला. कोणाचंही तोंड, कोणाचाही आवाज, बोटाचा ठसासुद्धा यंत्र घडवू लागलं. मेल फोडणं तर पोरखेळ झाला. मग माणूस तोच आहे हे ओळखायचं कशावरून?

उत्तर एका साध्या गोष्टीत सापडलं. दोन माणसं बोलतात, तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत मध्ये एक फट राहते. साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी. ही फट ना याची असते ना त्याची, ती दोघांची मिळून असते. तोच माणूस आईशी बोलताना वेगळी फट ठेवतो आणि साहेबाशी बोलताना वेगळी. एका माणसाची नक्कल यंत्र हुबेहूब करतं. पण दोघांमधल्या फटीची नक्कल करायची, तर समोरचा माणूस पुढच्या क्षणी कुठे अडखळेल हे आतून ठाऊक असावं लागतं. ते यंत्राला जमेना.

म्हणून प्रत्येकाने खातं उघडताना आपला एक ओळखदार नोंदवायचा आणि त्याच्याशी चार मिनिटं बोलायचं, असा नियम आला. त्या बोलण्याची लय आकड्यांत जपून ठेवली जाते, शब्द लगेच पुसले जातात. कायदाच तसा आहे. पुढे पासवर्ड विसरला की आधी ओळखदाराच्या फोनवर प्रश्न येतो: आपण यांना ओळखता का? त्याने हो म्हटलं की दोघांचा फोन जोडला जातो. चार मिनिटांत लय जुळली, तर दार उघडतं.

'कवाड' ही वेबसाइटी बांधायची चौकट. राज्यातल्या निम्म्या दवाखान्यांच्या, शाळांच्या आणि पालिकांच्या साइटी तिच्यावर उभ्या होत्या. तिच्यातला पासवर्ड बदलण्याचा हा भाग पंधरा वर्षांपूर्वी दोघांनी लिहिला होता. एक केतकी. दुसऱ्याचं नाव ती हल्ली घेत नसे.

*

बुधवार नेहमीच्या संशयितांमागे गेला. निरोप जातो का? जात होता. लिंक आधीच कोणी उघडून बाद करतं का? नाही. दोन सर्व्हरांची घड्याळं पुढेमागे आहेत का? तीही सारखी. मग तिने अशाच फसलेल्या बाकीच्या मागण्या बाहेर काढल्या. एका वर्षात साडेअकराशे. बहुतेक सगळी माणसं पंच्याहत्तरीच्या पुढची. नवरा-बायको, बहिणी-बहिणी, शाळेतले जुने दोस्त. सगळ्यांच्या नावापुढे एकच शेरा: 'संभाषण अपुरे.'

उपासनी बंधूंच्या शेवटच्या फोनचे आकडे तिने उलगडले. चार मिनिटांच्या फोनमधली एकोणपन्नास सेकंदंच मोजली गेली होती. उरलेली सव्वातीन मिनिटं गेली कुठे?

ती शोधायला गाव पालथं घालावं लागलं नाही. कळसा काखेतच होता. मूळ भागाच्या दोनशे चाळिसाव्या ओळीवर 'दोन' हा आकडा होता आणि शेजारी, पुढच्या माणसाला कळावं म्हणून लिहिलेली टीप होती:

'दोन सेकंदांपुढची शांतता म्हणजे लाइन तुटली असं समजून कापून टाकावी. एवढा वेळ कोण गप्प बसतं? के. बा.'

के. बा. म्हणजे केतकी बारटक्के. वय तेव्हा सदतीस, तोंड चोवीस तास चालू.

तिने नमुन्याची फाइल उघडली. हा भाग लिहिताना यंत्राला शिकवायला एक खरी जोडी हवी होती. दुसरं कोण मिळणार, म्हणून त्या दोघांनी स्वतःचंच बोलणं वापरलं होतं. कायदा यायच्या आधीची ती नोंद, त्यामुळे अख्ख्या यंत्रणेत शब्दांसकट शिल्लक असलेलं ते एकच संभाषण होतं. रोज सकाळी चाचणी व्हायची, यंत्र ती चार मिनिटं ऐकायचं आणि हिरवा दिवा लावायचं: हे दोघे एकमेकांना ओळखतात. केतकीने स्वतः मात्र ती फाइल अकरा वर्षांत ऐकली नव्हती.

"भडंग सादळतं ते डब्यामुळे नाही, बारटक्के, तू झाकण..."

"मी झाकण लावलं होतं, तूच उठून..."

"मी उठलो ते चहा..."

"चहा कसला, मयेकर, बशीभर भडंग घेऊन गॅलरीत..."

चार मिनिटांत एकशे सोळा वेळा बोलण्याची पाळी बदलली होती. दोघांनी एकमेकांना वाक्य म्हणून पुरं करू दिलं नव्हतं. दोन सेकंदांची शांतता अख्ख्या नमुन्यात कुठेच नव्हती. आणि या दोन बडबड्या माणसांच्या मापाने सगळ्या राज्याचे कपडे बेतले गेले होते. गप्प बसणारी माणसं त्यांच्या ध्यानीमनीही आली नव्हती.

फाइल संपली. आठ खुर्च्यांच्या त्या खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. केतकीच्या ध्यानात आलं की कालच्या उपासन्यांच्या फोनआधी ती तीन दिवस कोणाशीच बोलली नव्हती.

*

नुसता तो आकडा काढून भागत नव्हतं. शांतता मोजायची, तर ओळखीच्यांची शांतता आणि परक्यांची शांतता वेगळी कशी ओळखायची, हे यंत्राला सांगायला हवं होतं. परक्यांचे नमुने भरपूर होते. परकी माणसं गप्प झाली की दोन-तीन सेकंदांत कोणीतरी घसा खाकरतं, उगाच हसतं, हवेचं काहीतरी बोलतं. ओळखीची माणसं शांतता तशीच पडू देतात.

गुरुवारी सकाळी केतकीला एक कल्पना सुचली. जुन्या नमुन्यात तिला उत्तर द्यायला लागणारा वेळ आणि मयेकरला लागणारा वेळ यांचं प्रमाण ठरलेलं होतं, तिचे तीन तर त्याचे पाच. तेव्हा ते सेकंदाच्या बारीक तुकड्यांत होतं. समजा, वयामुळे किंवा दुःखामुळे शांतता लांबली, अर्धं मिनिट झाली. तरी तिची वाटणी तीच राहत असेल का? कोण आधी बोलणार, कोण वाट पाहणार, हे दोघांत एकदा ठरलं की ठरलंच असेल का? तसं असेल तर म्हातारी माणसं वाचतील.

पण हे सिद्ध करायला एकाच जोडीचं जुनं आणि नवं, दोन्ही बोलणं हवं. बाकीच्यांचे नुसते आकडे होते; ते ताडून पाहायला मूळ जुनं बोलणं साऱ्या राज्यात एकाच जोडीचं उरलं होतं.

तिने दोघांची नावं चाचणीत घातली. चाचणीने ती परत तोंडावर फेकली.

'जोडी अग्राह्य. शेवटची नोंद: ओळखदाराने नाही असे उत्तर दिले. खातेदाराने नव्याने मागणी केल्याखेरीज नोंद बदलता येणार नाही.'

ही नोंद तिला वाचायची गरज नव्हती. अकरा वर्षं ती तिच्या डोक्यात होती.

तुषार मयेकर हर्ण्याचा. वडिलांना अर्धांग झालं, तेव्हा त्याने एका सोमवारी सांगितलं की शनिवारी मी नोकरी सोडून घरी जातोय. केतकीने त्याच्यासोबतचं पुढचं सगळं आयुष्य मनात मांडून ठेवलं होतं. ते त्याला कधी सांगितलं मात्र नव्हतं. चोवीस तास बोलणाऱ्या बाईला तेवढं एक वाक्य जमलं नव्हतं. ती भडकून म्हणाली, "गेलास तर माझ्या लेखी तू नाहीस." तो गेला.

सात महिने तिने त्याच्या फोनची वाट पाहिली. सातव्या महिन्यात एका दुपारी, याच खुर्चीत, तिचा फोन थरथरला. फोन नव्हता, फॉर्म होता: 'तुषार मयेकर यांना पासवर्ड बदलायचा आहे. आपण यांना ओळखता का?' सात महिन्यांनी याला माझी आठवण झाली ती पासवर्डासाठी, या रागाने तिचं डोकं फिरलं. तिने 'नाही' दाबलं.

तो भांडायला फोन करेल असं तिला वाटलं होतं. मनापासून तसं वाटलं होतं. त्याने फोन केला नाही, पुन्हा मागणीही केली नाही. तीस दिवसांनी त्याचं खातं रिकामं झालं, नाव तेवढं उरलं. ते पुसणारी ओळही तिनेच लिहिलेली होती.

*

हर्ण्याचा नंबर शोधायला पाच मिनिटं लागली आणि लावायला दोन तास.

"मयेकर?" ती म्हणाली.

पलीकडे कुठलंतरी इंजीन चालू होतं. ते बंद झालं.

"बोल, बारटक्के."

अकरा वर्षांनी, एका शब्दावरून. अवघड काही बोलायचं असलं की केतकी नेहमी करते तेच तिने केलं: भलतंच बोलू लागली. पाऊसपाणी, रस्ते, तब्येत. मयेकर आता बंदरावर बोटींची दिशादर्शक यंत्रं दुरुस्त करत होता, हेही त्यात कळलं.

"बारटक्के," तो मध्येच म्हणाला, "ताकाला आलीस ना? मग भांडं कशाला लपवतेस?"

तिने सगळं सांगितलं. उपासनी बंधू, साडेअकराशे माणसं, दोन सेकंदांची ओळ.

"मी तेव्हा म्हटलेलं, पाच ठेव," तो म्हणाला.

"हो. आणि मी म्हटलं होतं, पाच सेकंद कोण गप्प बसतं."

यावर दोघंही गप्प बसली. समोर भिंतीवर घड्याळ होतं. तिने सवयीने मोजलं. चौदा सेकंद.

"मी तेव्हा नाही दाबलं होतं," केतकी म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"मला वाटलं, तू भांडायला फोन करशील."

या खेपेची शांतता तिने मोजली नाही.

"मला काय निरोप आला होता, सांगू?" तो म्हणाला. "'आपली ओळख पटू शकली नाही. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' वाक्य तुझंच. पण थोड्या वेळाने म्हणजे किती, ते तू लिहिलं नव्हतंस."

"काय होतं खात्यात?"

"बाबांची वाचा गेलेली. पुन्हा बोलायला शिकत होते. रोज एक शब्द. मी रोज तो रेकॉर्ड करून ठेवायचो. पाणी, होडी, तुषार. दोनशे अकरा शब्द झाले होते. पावसाळ्याआधी ते गेले." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

केतकीला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. चुकले, असं ती दोनदा म्हणाली. तो ऐकत होता. फोन त्याने ठेवला नाही.

"मग आता माझ्याकडून काय हवंय?" त्याने शेवटी विचारलं.

"नोंद बदलायला तूच पुन्हा मागणी करायला हवीस. त्याच खात्यासाठी. मग मला प्रश्न येईल, मी हो म्हणेन आणि आपण चार मिनिटं बोलू. ती मोजली जातील."

"म्हणजे दार तू लावलंस आणि ठोठावायचं मी."

"हो," ती म्हणाली.

"बघतो," मयेकर म्हणाला आणि फोन बंद झाला.

*

शुक्रवारी सकाळी दहाला उपासन्यांचा फोन आला.

"विचारायला नाही केला हो. तुम्हाला घाई करायची नाही. शशीला सांगून ठेवलंय, पाच वाजेपर्यंत फोनजवळून हलू नकोस. तो म्हणाला बरं. एवढंच कळवायचं होतं." मग ते गप्प झाले. या वेळी केतकीने हॅलो हॅलो केलं नाही. थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, "बरं, ठेवतो."

बाराला पुण्याहून नाईकनवरे साहेबांचा फोन आला. कवाडचा सगळा कारभार ते तिथून पाहत.

"बारटक्के मॅडम, सहायकाने बंद केलेली तक्रार तुम्ही उघडलीत म्हणे. एका म्हाताऱ्यासाठी मूळ भागाला हात कशाला लावताय? पाचला खातं आपोआप पुसलं जाईल, तक्रारही संपेल. सुंठीवाचून खोकला गेला."

"साडेअकराशे आहेत, सर."

"पाच कोटींत साडेअकराशे. तुम्हीच बघा." साहेबांचा आवाज वाईट नव्हता, नुसता घाईत होता.

एक वाजला. दोन वाजले. नवा नियम तिने लिहून तयार ठेवला होता आणि मयेकरच्या त्या एका रिकाम्या खात्याला जोडूनही ठेवला होता. मागणी येत नव्हती.

तीनला तिने नोंदवही उघडली. सगळ्यात वरच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. 'नाही'च्या जागी 'हो' लिहायला दोन सेकंदही लागले नसते. चाचणी खोट्या नोंदीवर पुढे सरकली असती, उपासन्यांचा डोळा वाचला असता, आणि विचारायला येणार कोण होतं? बोट त्या शब्दावर ठेवून ती बसून राहिली. पण तो शब्द तिने एका जित्या माणसाला दिला होता. त्याच्या पाठीमागे तो खोडायचा म्हणजे त्याला दुसऱ्यांदा न विचारता पुसायचं. तिने नोंदवही मिटली. उपासन्यांना काय सांगायचं याची वाक्यं ती मनात जुळवू लागली, पण एकही धड जुळेना.

तीन चाळिसाला टेबलावरचा फोन थरथरला.

'तुषार मयेकर यांना पासवर्ड बदलायचा आहे. आपण यांना ओळखता का?'

खाली दोन बटणं. हो आणि नाही. पंधरा वर्षांपूर्वी ती एवढी जवळजवळ का ठेवली, असं तिला वाटलं. चूक होऊ नये म्हणून तिने उजव्या हाताचं बोट डाव्या हाताने धरलं आणि 'हो' दाबलं.

फोन जोडला गेला. पलीकडे बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता. कोणीतरी सुरमईचा भाव ओरडत होतं. मयेकर लांब गेला असावा, कारण कल्ला हळूहळू मागे पडला आणि लाटा ऐकू येऊ लागल्या.

"भडंग मिळतं का अजून तिथं?" त्याने विचारलं.

"मिळतं. आणते मी अधूनमधून. सादळतं."

तो हसला नाही, पण श्वास सोडल्याचं तिला ऐकू आलं. मग कितीतरी वेळ कोणीच काही बोललं नाही. सांगण्यासारखं तिच्याकडे अकरा वर्षांचं होतं. त्यातलं काहीच तिच्या तोंडी येईना, आणि आलं नाही तरी चालेल असंही पहिल्यांदाच वाटत होतं.

"आत काही नाहीये," तो म्हणाला. "दार उघडलं तरी रिकामंच आहे ते."

"माहीत आहे."

पुन्हा लाटा. एक बोट फटफटत बंदरात आली असावी. केतकी दोन्ही हातांनी फोन कानाशी धरून बसली होती. चार मिनिटं संपली तशी यंत्राने आपणहून लाइन तोडली.

पडद्यावर आकडे उमटले. चार मिनिटांतली तीन मिनिटं बावीस सेकंदं शांतता. जुन्या नियमाने 'संभाषण अपुरे'. नव्या नियमाने शांततेची वाटणी, तिचे तीन तर त्याचे पाच. पंधरा वर्षांपूर्वी होती तशीच. त्याखाली हिरवा दिवा होता: ओळख पटली.

*

त्यापुढची कामं तिने झपाट्याने उरकली. परक्यांचे चार हजार नमुने नव्या नियमातून काढले, एकही खोटा माणूस आत शिरला नाही. चार वीसला नवी आवृत्ती सगळीकडे गेली आणि तिने उपासन्यांना पुन्हा मागणी करायला कळवलं. चार चौतीसला कपाटामागचा फोन वाजला.

"झालं हो बाई," उपासनी म्हणाले. "तारीखही लागली, बाविसावी. चार मिनिटं दोघं फोन धरून बसलो. शशी दोनदा खोकला. बाकी काही नाही."

"बोलला नाहीत काहीच?"

"काय बोलायचं? त्याची बायको गेली, माझी गेली. सगळं बोलून झालंय." थोडं थांबून ते म्हणाले, "पण महिनाभरात सात वेळा फोन झाला आमचा. एरवी दिवाळीला एकदा होतो. त्याला म्हटलं, पासवर्ड विसरायला हवा अधूनमधून."

फोन ठेवून केतकी दोनशे चाळिसाव्या ओळीकडे वळली. आकडा तर गेलाच होता. टीप काढायची राहिली होती. 'एवढा वेळ कोण गप्प बसतं?' तो प्रश्न तिने खोडला नाही. त्याच्याखाली लिहिलं, 'आम्ही', आणि पुढे दोघांची आद्याक्षरं टाकली. मग तिचीच तिला शंका आली की त्याच्या वतीने लिहायचा आपल्याला काय अधिकार. एक माणूस लाटांपाशी जाऊन चार मिनिटं उभा राहिला, तो साडेअकराशे म्हाताऱ्यांसाठीही राहिला असेल. त्याची आद्याक्षरं तिने परत काढली.

पाचला ती निघाली. पिशवी खांद्याला लावली, पंखा बंद केला. फोन पुन्हा थरथरला. पडद्यावर तिच्या नजरेत आधी भरला तो शेवटचा शब्द, 'नाही', आणि ती जागच्या जागी खुर्चीत बसली.

पासवर्ड बदलून झाला की खातेदाराला एक शेवटचा प्रश्न विचारला जातो आणि त्याचं उत्तर ओळखदाराला कळवलं जातं. तोही तिनेच लिहिलेला, आणि बहुतेक लोक न वाचताच उत्तर देतात. मयेकरने उत्तर द्यायला सव्वा तास घेतला होता. तिने निरोप पुरता उघडून वाचला.

'पुढच्या वेळी विसरल्यास ओळख पटवण्यासाठी दुसऱ्या कोणाला विचारावे का? खातेदाराचे उत्तर: नाही.'

केतकीने तो पुन्हा वाचला. मग पिशवी खाली ठेवून ती अंधार पडेपर्यंत त्या आठ खुर्च्यांत बसून राहिली.